फ्रिजमधलं भाषण

३ मार्च, सकाळी ७
आजपासून आपल्या घरात सिनेमा! भाचीचा पहिलाच. पाठीशी कंपनी नाही, बडा नट नाही, टीम सात जणांची. याला स्वतंत्र सिनेमा म्हणतात. घर मी दिलं. ('हो' बायको आधी म्हणाली, पण अंतिम मंजुरी माझी.)

३ मार्च, संध्याकाळी
दाढीवाल्या साउंडवाल्याने फ्रिज बंद केला. घरघर रेकॉर्ड होते म्हणे. पंखाही बंद. घामाघूम झालो, पण चकार शब्द काढला नाही. फक्त चार सूचना केल्या. त्यातल्या दोन टेक चालू असताना.
टीम आवराआवर करत असताना फ्रिज उघडला, तर आत दाढीवाल्याच्या गाडीच्या किल्ल्या! काय वेंधळा माणूस. काढून त्याच्या हातात दिल्या. माझं लक्ष असतं म्हणून बरं.

४ मार्च
फ्रिज रात्रभर बंदच राहिला. दूध नासलं, भाज्यांचा चिखल, टीमचं आजचं जेवण वाया. किल्ल्या दाढीवाला मुद्दाम आत ठेवतो म्हणे. घरी जाताना किल्ल्यांसाठी फ्रिज उघडला की चालू करायचं आठवतं. मग तशी पाटी लावायची ना! बायकोने पहाटे पाचला उठून सगळा स्वयंपाक पुन्हा केला. तिला हौसच आहे. युक्ती मात्र झकास. कधीतरी वापरेन.

५ मार्च
भाचीने मोठी जबाबदारी टाकली. म्हणाली, मामा, शूटिंगसाठी एक शांत गल्ली शोधा. रोज नऊ ते सात फिरायचं. दुपारी दोनलाच एक घेऊन आलो. म्हणाली, याहून शांत हवी. बायकोने डबा दारातच हातात दिला.

१६ मार्च
शूटिंग संपलं. एकूण एकेचाळीस गल्ल्या शोधल्या. सिनेमात एकही नाही, सगळी गोष्ट स्वयंपाकघरातच घडते म्हणे. असो. दिग्दर्शकाची मर्जी.

२ ऑगस्ट
फिल्म सोसायटीचा फोन! स्वतंत्र सिनेमाला बळ देणाऱ्या माणसांचा आणि गटांचा सत्कार आहे, एक सन्मान तुमच्या घरी येतोय, म्हणाले. मला गगन ठेंगणं झालं. पुढचं ऐकवेना, फोन बायकोकडे दिला. ऐकता ऐकता ती चक्क लाजली. नवऱ्याचं कौतुक, दुसरं काय!

९ ऑगस्ट
भाषण तयार. नऊ पानं. कपाटातला मधला खण स्मृतिचिन्हासाठी रिकामा केला. बायकोची पुस्तकं माळ्यावर.

२० ऑगस्ट, दुपारी ४
संध्याकाळी सत्कार. भाषण विसरायला नको म्हणून दाढीवाल्याची युक्ती. फ्रिजमध्ये ठेवलंय. निघताना गार पाणी पितोच. विसरणं अशक्य!

२१ ऑगस्ट, सकाळी
काल घाईत पाणी प्यायलोच नाही. पण भाषण लागलंही नाही.
आधी फुकट कपडे शिवून देणाऱ्या शिवणक्लासच्या बायका. मग पडकं थिएटर चालू ठेवणारे दोघे भाऊ. मग बायकोचं नाव पुकारलं. मी तोवर अर्धा उठलो होतो. आता बसायचं कसं? पूर्ण उठलो आणि टाळ्या वाजवल्या. माझं बघून अख्खं सभागृह उभं राहिलं. हे श्रेय तरी माझंच.
भाची बोलताना रडली. दूध नासलं त्या दिवशी ती शूटिंग बंदच करणार होती. मामी म्हणाली, मी पुन्हा रांधते, तू पुन्हा कॅमेरा लाव. मला हे ठाऊकच नव्हतं.
मग सिनेमा. शेवटी माझंही नाव! 'विशेष आभार: मामा, घराबाहेर राहिल्याबद्दल.' लोक पोट धरधरून हसले. बायको सगळ्यात जास्त.
आज दूध काढताना भाषण सापडलं. गारेगार. बायको म्हणाली, वाचा की, मी ऐकते. चहा घेऊन समोर बसली. पाच पानं वाचली, सहावं उलटलं, आणि लक्षात आलं की नऊ पानांत ती कुठेच नाही. घसा बसलाय असं सांगून थांबलो. ती म्हणाली, छान लिहिलंय हो तुम्ही.
पुस्तकं माळ्यावरून काढली. दहावं पान आत्ताच लिहायला घेतो. ते फ्रिजमध्ये ठेवणार नाही.