इन्चार्ज होण्याआधीचं माझं रक्त

१२ फेब्रुवारी १९९६, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. म्हशींच्या देवीची लागण गवळ्यांना झालीय का, हे रक्तातल्या अँटिबॉडीजवरून ओळखणारी टेस्ट मी बसवलीय. विषाणू आधीच मारून वापरतो, धोका शून्य. रक्त पिवळा रंग देतं ती लागण, रंग नाही तो निरोगी. सात मार्चला दिल्लीच्या बाई तपासायला येणार. पास झालो की नव्या विभागाचा इन्चार्ज मीच! बायकोला, वीणाला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावून या.

१५ फेब्रुवारी
तुलनेला निरोगी रक्त हवं. माझंच घेतलं. जन्मात म्हशीला हात लावलेला नाही! ज्युनिअर शर्मिष्ठा म्हणाली, सर, तुमच्या वयाचं नको, पंधराच्या आतलं कुणी बघा. बघा, वय काढते! एक्केचाळीस म्हणजे काय म्हातारा?

२० फेब्रुवारी
जवळच्या मलिहाबाद गावचे गवळी पिवळे. वा! मीही पिवळा. पाणी खराब.

२१ फेब्रुवारी
पाणी बदललं. जास्तच पिवळा.

२६ फेब्रुवारी
लाइट गेली होती, फ्रिज बंद. त्यानेच. शर्मिष्ठाला काही सांगायचं होतं. म्हटलं, सात तारखेनंतर.

१ मार्च
दूध बंद. म्हशीचं असतं ना! काळा चहा पितोय. लेक अनन्या इथल्या हिंदीत म्हणते, पापा, ऐसा मुँह मत बनाओ, डर लगता है.

४ मार्च
हळदही बंद. शास्त्रीय आधार नाही, पण रिस्क कशाला? वीणाने पांढरं वरण माझ्यासमोर आदळलं.

७ मार्च, दुपारी
डेमो. सगळ्यांत पिवळा मीच. दिल्लीच्या बाईंनी शांतपणे बाही वर करायला सांगितली. दंडावर लहानपणी देवी टोचल्याचे दोन मोठे व्रण. ती लस आणि म्हशींची देवी एकाच कुळातली, त्या लशीच्या अँटिबॉडीज अजून रक्तात आहेत म्हणे. पंधराच्या आतल्यांना ती टोचलेलीच नाही, शर्मिष्ठा हेच सांगत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च
टेस्ट पास! इतकी जुनी लसही पकडते म्हणून बाई खूश. देवी टोचलेल्यांना मात्र वगळायचं. इन्चार्ज शर्मिष्ठा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्यावाचून विभागाचं पान हलणार नाही. खात्रीचा पिवळा नमुना म्हणून माझंच रक्त ठरलंय, दर महिन्याला. आज पहिल्यांदा काढलं. नव्या इन्चार्जनी स्वतः सुई टोचली, हातावर एक ग्लुकोजचं बिस्किट ठेवलं आणि म्हणाल्या, सर, दहा मिनिटं उठू नका.