अंगावरचा शर्ट

बाबा, तुमचा एक नियम मी मोडला. एकदाच. तेव्हा तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती, ओरडायला कोणी नव्हतं. अंगावरचा कपडा शिवायचा नाही, माणसाचं वाईट होतं, हे तुम्ही गावच्या आपल्या शिंप्याच्या दुकानात लाकडी पट्टीने माझ्या हातावर हाणून शिकवलं होतं. साधं बटण असलं तरी सरपंचालाही बनियनवर बसवून ठेवायचात.

इराकची लढाई तोंडावर आली, तेव्हा कंत्राटदाराने मला कुवेतच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या छावणीत शिलाई मशीन देऊन बसवलं. पलटण घोडदळाची, पण घोडा एक नाही, सगळे रणगाडे. तरी ही पोरं रणगाड्यावर चढायची ती डाव्या बाजूनेच, घोड्यावर चढल्यासारखी. मला हसू यायचं. निघायच्या दिवशी त्यांतला एक धावत आला. खांद्यावरची पट्टी उसवली होती, मागे गाडी सुरू होती. "चाचा, जल्दी!" हे शब्द तो आमच्या धोब्यांकडून शिकलेला. सुई टोचू नये म्हणून मी त्याच्या शर्टात हात घातला आणि चार टाके मारले. गुदगुल्या होऊन तो हसत होता. तो हसणारा खांदा अजून माझ्या तळहाताला लागतो.

तो परत आला नाही. त्याचे धुतलेले कपडे न्यायला त्यांचा सार्जंट आला. थकून स्टुलावर बसला. घोडे होते तेव्हापासून आम्ही गेलेल्या पोरांचे कपडे असेच धुऊन घरी पाठवतोय, म्हणाला. त्याचीही बाही फाटली होती. त्याने हात पुढे केला.

"साहेब, शर्ट निकालो."

"का?"

"माय फादर रूल."

मला वाटलं, हसेल. पण त्याने शर्ट काढला आणि मेलेल्या पोराचे कपडे मांडीवर घेऊन बनियनवर बसून राहिला. "रणगाड्याला डावं-उजवं नसतं, हे आम्हालाही कळतं," एवढंच म्हणाला.

आता माझं दुकान कुवेत शहरात, बनेद अल-गार भागात आहे. लढाईत माणसं गोळीने मरतात, टाक्याने नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो आणि गिऱ्हाइकाला रोज शर्ट काढायला लावतो. थकलो बाबा. हा कागद मशीनच्या खणात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुमचं कधी चुकावं असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. या एका गोष्टीत तुम्ही चुकलेले असा.