चारही चाकांना

प्रिय रेआल,

फोनवर सांगितलेलं काम केलं. तुझ्या पिकअपला हिवाळी टायर बसवले. कुठले बसवले आणि का, ते नीट लिहितो. त्या दिवशी तू म्हणालास, "इव्हाँ, गाडी तयार ठेव. सुटलो की सरळ तळ्यावर, शांतालच्या आईकडे. मागच्या वेळी काम अर्धं राहिलं." तुझ्यामागे तुरुंगातल्या फोनच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग तू टायरांबद्दल बोलायला लागलास, आवाज तोच. मोठ्या दातांचे घे, दोनच घे, मागच्या चाकांना लाव, हौद्यात वाळूची पोती टाक. मी हो म्हणालो.

इथे बर्फ लवकर आला. ओरेलच्या दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. लाकूडतोडे सगळे, आणि सगळ्यांना तेच टायर हवे होते, जाड कडांचे, दात दाखवणारे. ओरेल मला बघून ओरडला, "या, राजबंदींचे भाऊ! पाहुण्यांना जेवण बरं मिळतं ना तिथे?" लोक हसले, मीही हसलो. त्याने दोन टायर माझ्यासमोर आपटले. एक तुला हवा तसा. दुसरा मऊ, बारीक चिरांचा, दिसायला अगदी गरीब. मी पहिल्यावर हात ठेवला तर म्हणाला, "दात मोठे असले म्हणजे चावतोच असं नाही. माझ्या तोंडात एक उरला नाही, तरी मी हरीण खातो. हा चिखलात चालेल, जंगलात दगडांवर चालेल. बर्फाच्या काचेवर दगडासारखा कडक होतो आणि घसरतो. पण तुम्हा लोकांना टायर नको असतो, कुत्रा हवा असतो, दारात बांधायला." मी म्हणालो, आमच्याकडे मागे दोनच लावतात. तो म्हणाला, "हो, तुझा बाप लावायचा. बघितलं मी."

तुला ती नदीकाठची उतरण आठवते की नाही, कधी विचारलं नाही. बाबा म्हणायचे, मागची चाकं ढकलतात, पुढची नुसती बघतात. मागे नवे टायर होते, वाळू होती, आणि वळणावर पुढची चाकं खरंच नुसती बघत राहिली. गाडी सरळ गेली ती रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या पात्यावर. तू मध्ये बसला होतास, मी खिडकीशी. काच आत आली. बाबांचं नाक गालावर गेलं होतं. ते उतरले, तुला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि स्टिअरिंगला हात लावलास म्हणून मारायला लागले. तू हात लावला नव्हतास. बर्फ लाल झाला, त्यांच्या रक्ताने की तुझ्या, कळत नव्हतं. शेवटी त्या ट्रकवाल्याने फावड्याचा दांडा त्यांच्या पाठीत घातला तेव्हा ते थांबले. तू रडला नाहीस. घरी आई म्हणाली, "बघा, हा मर्द." मलाही तसंच वाटलं. पुढच्या हिवाळ्यात बाबांनी पुन्हा मागेच दोन लावले.

ओरेलने विचारलं, ओझं किती नेणार? म्हटलं, काही नाही. रस्ता? लांबचा, उघडा, बर्फाचा. मग त्याने विचारलं, चालवणार कोण? मी म्हणालो, एका हाताने चालवणारं माणूस. त्याच्या हातातली पहार खाली आली. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. मार्चमध्ये तू शांतालचा, स्वतःच्या बायकोचा, डावा हात याच गाडीच्या दारात घालून दार आपटलंस, आणि मग दाराला पाठ टेकवून सिगरेट पेटवलीस. तुमची मिलेन मागच्या सीटवर होती. सिगरेट संपेपर्यंत तू हलला नाहीस, असं तिने कोर्टात सांगितलं. शांतालची तीन बोटं आता मिटत नाहीत.  ओरेल रांगेकडे वळून ओरडला, "जा रे, कॉफी पिऊन या, दुकान बंद!" एकजण कुरकुरला, तर म्हणाला, "तुझ्या बायकोला विचार, तिला तू घरी लवकर नको असशील तर परत ये." मला म्हणाला, "मग चारही. मऊ रबर, खिळे मारून. पुढची चाकं हलक्या हाताचं ऐकायला हवीत, आणि खिळा बर्फात रुततो." खिळे त्याने स्वतः मारले. प्रत्येक खिळ्याला ती खिळे ठोकायची हवेची बंदूक दणका द्यायची आणि त्याचा खांदा मागे जायचा. मी दाराचं रबर बदललं. जुन्याच्या खाचेत काळं काही वाळलं होतं. ते मी शेगडीत टाकलं.

मग गाडी घेऊन तळ्यावर गेलो. चूक झाली, आधी कळवायला हवं होतं. तुझ्या इंजिनचा आवाज ती लांबून ओळखते. मी अंगणात वळतोय तोच शांताल कुऱ्हाड घेऊन धावत आली, उजव्या हातात, आणि पहिला घाव दिव्यावर बसला. दुसरा माझ्या दारावर. पत्रा फाटला. मी ओरडलो, "मी आहे, इव्हाँ! एकटा आहे!" ती म्हणाली, "एकाच पोटची दोघं तुम्ही, खाली उतर आणि हात दाखव." उतरलो, हात दाखवले. लाकडांच्या ढिगामागे मिलेन होती, तिच्याही हातात विळा होता, रेआल. आठ वर्षांची आहे ती. मी किल्ल्या बर्फावर ठेवल्या आणि मागे सरलो, कुंपणापर्यंत. शांताल बराच वेळ किल्ल्यांकडे बघत राहिली. मग गाडीत बसली, गोठलेल्या तळ्यावर नेली, वेगात सोडली आणि एका हाताने स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळली. ब्रेक मारला, थांबली. परत येऊन म्हणाली, "गाडी ऐकते." मी दिवा बदलून दिला. तुझं लायसन्स गेल्यापासून गाडी माझ्या नावावर आहे, ते कागद तिच्या नावे केले. तिने आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मिलेनला पुढे बसवून ती निघाली.

सुटण्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून लिहितोय. तळ्यावर जाऊ नकोस. तिथे फक्त म्हातारी आहे, आणि तिला त्यांनी काही सांगितलेलं नाही. त्या दोघी कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. महामार्गाला लागताना पूर्वेला वळल्या की पश्चिमेला, तेही पाहिलं नाही. पाठ करून उभा राहिलो. मी मार सोसणारा माणूस नाही, हे तू जाणतोस. म्हणून या वेळी सांगण्यासारखं काही जवळ ठेवलंच नाही. शिकारीची बंदूक ओरेलकडे दिली आहे. दाराला कडी घालणार नाही. तुला जे करायचं असेल ते माझ्यापाशी येऊन कर, आणि माझ्यापाशीच संपव.

तुझाच,
इव्हाँ