मागची कुजबुज घालवण्याचे उपाय

१३ जुलै, रविवार
रिटायर होऊन सहा आठवडे झाले. आजपासून डायरी. कोणी वाचू नये, विशेषतः बायकोने, विनयाने.

सकाळी भुईगावहून आईचा फोन. अक्षर आता अजिबात दिसत नाही म्हणाली. बाबा होते तोवर श्रावणात रोज दिवेलागणीला पोथीचा एक अध्याय वाचायचे, आई ऐकायची. बाबांनंतर ती स्वतःच भिंग घेऊन वाचायची. आता भिंगही चालत नाही. तू येऊन वाचशील का रे जया, असं विचारलं.

एव्हरशाईनच्या आमच्या फ्लॅटपासून भुईगाव पाऊण तास. पाऊण तास जायचं, पाऊण तास यायचं आणि वाचायचा एक अध्याय. हे शास्त्रशुद्ध नाही. मी म्हटलं, आई, अख्खी पोथी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देतो. एकदा केलं की जन्मभर. आई म्हणाली, मशिनीत कशाला, तूच ये नी. तिला टेक्नॉलॉजी कळत नाही. वय.

आवाजाचा प्रश्नच नाही. सेंड-ऑफला मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुम्ही रेडिओत हवे होतात. दुपारी ते भाषण कॉम्प्युटरवरून पुन्हा लावलं. फ्रिजवर विनयाचा ब्लूटूथ स्पीकर असतो, स्वयंपाक करताना गाणी ऐकायला. तो मीच कॉम्प्युटरला जोडला. कोणाची मदत लागली नाही. विनया म्हणाली, पाचव्यांदा ऐकतेय. कौतुकाने म्हणाली असावी.

संकल्प: २५ तारखेला श्रावण लागतो. तीस अध्याय, बारा दिवस. रोज अडीच.

१५ जुलै, मंगळवार
बाबांची पोथी गेल्या श्रावणानंतर बाइंडिंग करायला म्हणून आणली होती ती इथेच आहे. लाल फडक्यात. बाइंडिंग राहिलं.

माइक आला. स्टँडसकट. बघूनच घसा मोकळा झाला. आईपुरतं कशाला, जगाला द्यावं. यूट्यूब चॅनेलचं नाव ठरवलं, जयवाणी. लोगो केला, शंख आणि त्यातून निघणारा माइक. शंख तीनदा काढावा लागला, बटाटा दिसत होता.

रेकॉर्डिंग उद्या.

१७ जुलै, गुरुवार
पहिला अध्याय रेकॉर्ड केला. ऐकला.

हा मी नव्हे. कोणीतरी विहिरीत पडलाय आणि टेलिफोनवरून मदत मागतोय. मागे सतत घूं. खोलीत एकटाच होतो तरी इकडेतिकडे बघितलं. अशी लाज शाळेत मुख्याध्यापकांनी छडी मागवली तेव्हा वाटली होती. लगेच डिलीट केलं. रिसायकल बिनमधूनही काढलं.

१८ जुलै, शुक्रवार
घूं म्हणजे अर्थिंग. इंटरनेटवर स्पष्ट लिहिलंय. इलेक्ट्रिशियन आणला. तो म्हणाला बोर्ड उत्तम आहे. मी तरी बदलून घेतला. उत्तम बोर्ड गेला, घूं आहे तिथेच.

२० जुलै, रविवार
खोलीतला एको. उपाय: कापड. विनयाच्या आईने शिवलेल्या चारही गोधड्या बेडरूमच्या खिडकीला, भिंतीला आणि बंद दारावर लावल्या. घामाने निथळलो. ऐकलं. माझा आवाज आणखी लांब गेला आणि बाकीचे आवाज वाढले! हे विज्ञानाच्या विरुद्ध आहे.

विनया म्हणाली, अहो, एवढ्या वेळात भुईगावला दोनदा जाऊन आला असतात. तिला क्वालिटीचं महत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं. ती गवार मोडत होती.

२३ जुलै, बुधवार
कुकरची शिट्टी आली रेकॉर्डिंगमध्ये. साफ, खणखणीत, जणू माइक कुकरला लावलाय. पाठोपाठ मिक्सर. मी बाहेर जाऊन जरा मोठ्याने बोललो. मोठ्याने म्हणजे खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर बघितलं. सात ते आठ या घरात भांडंसुद्धा वाजता कामा नये, असा नियम केला.  विनया मिक्सर उचलून शेजारी सुझानकडे ठेवून आली. आता चटणी तिथे वाटणार. डाळ पातेल्यात शिजवणार.

सुझानचा नवरा गॉडफ्रे चर्चमध्ये क्वायरचं साउंड बघतो. विनयाने सुचवलं, त्यांना विचारा की. मी म्हटलं, गरज नाही. त्याने येऊन गोधड्या बघायच्या आणि मग सगळ्या विंगभर सांगायचं. आपली झाकली मूठ बरी.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. तयार अध्याय: शून्य.

आईचा फोन. दिवा लावलाय, तुझं ते आलं का? मी म्हटलं, झालंच आई, फायनल मिक्सिंग राहिलंय. तिने विचारलं, ते काय असतं? मी म्हटलं, टेक्निकल असतं. आईशी खोटं बोलताना कान गरम होतात हे लहानपणापासून आहे, साठीला टेकलो तरी गेलेलं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो. मग आठवलं, आज पाणी येण्याचा दिवस नाही. टाकी अर्धी झाली. त्यावरूनही ऐकून घेतलं.

२९ जुलै, मंगळवार
नवीन आवाज. कुजबुज. बरोबर सातला सुरू, वीस-पंचवीस मिनिटांनी बंद. रोज. बाईचा आवाज, एका लयीत. शब्द कळत नाहीत.

विचार केला. संध्याकाळची वेळ, एका लयीत, बाईचा आवाज. सुझानकडची रोझरी! भिंत सामाईक आहे. दुसरं असूच शकत नाही. अत्यंत नम्र भाषेत तिला मेसेज पाठवला की प्रार्थना ही मनातल्या मनातही पोचते.

२ ऑगस्ट, शनिवार
लिहू की नको. लिहितो.

आज सकाळी कपाटात बसून रेकॉर्डिंगचा प्रयोग. साड्यांमुळे आवाज शोषला जातो. आत उकडतं म्हणून बनियनवर. माइक मांडीवर, पोथी गुडघ्यावर, वरून लोंबणारी विनयाची बनारसी तोंडात. कपाटाचं दार उघडलं आणि समोर सुझान. मिक्सरचं भांडं द्यायला आली होती, विनयाने आत बोलावलं होतं. कपाटातून कण्हल्याचा आवाज आला म्हणून दोघींनी उघडलं.

सुझान शांतपणे म्हणाली, भाऊ, तुमचा मेसेज मिळाला. माझी सासू आजारी आहे, म्हणून दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी सहालाच सासूकडे जातो, रोझरी तिथेच म्हणतो. सातला आमच्या घराला कुलूप असतं.

मी सॉरी म्हटलं. तोंडात साडी होती. विनयाने मेसेजबद्दल विचारलं. मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर आहे. शेजाऱ्यांच्या प्रार्थनेवर बोट ठेवणारा माणूस मी कधीच नव्हतो. माइक आल्यापासून झालो.

६ ऑगस्ट, बुधवार
विजय! कुजबुज सुरू झाली तसा मी मध्येच थांबून खच्चून ओरडलो, कोण कुजबुजतंय तिकडे! हेडफोनवर कुजबुज ताबडतोब बंद. मग थोड्या वेळाने पुन्हा आली, पण इतकी हळू की नसल्यातच जमा. म्हणजे आवाज बाहेरचाच, माणूस घाबरला. विनयाला विचारलं, तुला काही ऐकू आलं का? म्हणाली, तुमचं ओरडणं.

आता उरलीसुरली कुजबुज काढायला सॉफ्टवेअर घेतलंय. 'नॉइज' निवडायचा आणि पुसायचा. कुजबुज गेली. माझा आवाजही बराचसा गेला. राहिला तो गुळण्या केल्यासारखा आहे. पण स्वच्छ गुळण्या.

अजून पहिलाच अध्याय. पाया पक्का हवा.

१० ऑगस्ट, रविवार
धाकट्या भावाचा, रामनाथचा फोन. आई आणि वाडी तोच सांभाळतो. मी आधीच सांगून टाकलं की काम अंतिम टप्प्यात आहे. तो म्हणाला, असू दे रे दादा, आई मजेत आहे, यंदाचा श्रावण एकदम छान चाललाय तिचा. पोथीशिवाय छान कसा? मुलगा आपल्यासाठी एवढा झटतोय या विचारानेच समाधान असणार. आई आहे शेवटी.

१६ ऑगस्ट, शनिवार
निष्कर्ष: माइक डिफेक्टिव्ह. कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली. 'माझ्यासारख्या आवाजाच्या माणसाची फसवणूक' हे वाक्य चांगलं जमलंय. खोका घेऊन खाली निघालो तर लिफ्टमध्ये गॉडफ्रे. खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भाऊ, पाठवायच्या आधी एकदा बघू का? चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी नको म्हणत होतो. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा हो म्हणून बसलो.

१७ ऑगस्ट, रविवार
गॉडफ्रे चर्चमधली रविवारची मिसा आटोपून आला. विनया मंडईत गेली होती. गोधड्यांबद्दल एक शब्द बोलला नाही. बसला आणि माइकवर बोटाने टकटक केलं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी हललीच नाही. पुन्हा टकटक. नाही. मग उठला, दार उघडून बाहेर गेला आणि फ्रिजपाशी एक टाळी वाजवली. पट्टी लाल होऊन टोकाला गेली.

भाऊ, म्हणाला, कॉम्प्युटर हा माइक ऐकतच नाहीये. तो फ्रिजवरचा स्पीकर ऐकतोय. त्याच्यातपण बारीक माइक असतो. कोणी जोडला?

एक महिना. घूं म्हणजे फ्रिज. गोधड्या दारावर लावल्या म्हणून मी लांब गेलो आणि घर जवळ आलं. त्याने स्क्रीनवरच्या एका यादीत स्पीकरऐवजी माइकचं नाव निवडलं. मला 'बोला' म्हणाला. मी 'श्री' म्हणालो. स्वच्छ. माझ्या आयुष्यातला सर्वात स्वच्छ 'श्री'. मॅनेजर काय ऐकून म्हणाले होते कोणास ठाऊक. पातळ, नाकातला आवाज आहे माझा.

तेवढ्यावर सुटलो असतो. पण मी विचारलं, मग ती कुजबुज कोणाची? त्याने सहा तारखेचं न पुसलेलं मूळ रेकॉर्डिंग काढलं, माझा आवाज खाली केला, मागचा वर आणला. स्पीकरवर. मोठ्याने.

विनया पोथी वाचत होती. तेरावा अध्याय. फोनवरून. मध्ये मध्ये फोनमधून आईचा हुंकार. मग मी ओरडतो, कोण कुजबुजतंय तिकडे. विनया थांबते. आईला म्हणते, एक मिनिट हं आई, ह्यांना त्रास होतोय, जरा हळू वाचते. आई विचारते, जयाचं कवा होनार गो? विनया म्हणते, होईल. तुमच्यासाठी एकदम चांगलं करायचंय त्यांना. तोवर तू वाच, असं त्यांनीच सांगितलंय मला.

मी काहीही सांगितलेलं नाही.

आई म्हणते, गुनाचा हाय माझा जया.

गॉडफ्रे उठला. प्रॅक्टिस आहे म्हणाला. दारापाशी जाऊन चपला घातल्या, उलट्या. बघायचं नव्हतं त्याला माझ्याकडे.

तिच्याजवळ तिच्या माहेरची पोथी आहे हे मला आत्ता आठवतंय. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून रोज सात ते साडेसात. मी पहिल्या अध्यायावर. ती आज चोविसाव्यावर. आणि मी सॉफ्टवेअर विकत घेऊन तिला पुसत होतो.

लाज वाटते. साधी, सरळ लाज वाटते.

१८ ऑगस्ट, सोमवार
विनयाकडे बघता येत नाही. तिने वरण वाढलं, पातेल्यातलं. कुकर लाव गं आता, असं म्हणायचं होतं. म्हटलं, मीठ बरोबर आहे.

सातला दार लावून नेहमीसारखा बसलो. माइक बंद. रेकॉर्डिंग थांबलं म्हटलं तर तिला सगळं सांगावं लागेल. आज ती वाचतेय ते ऐकायचं होतं. ऐकू आलं नाही. दारावर गोधड्या आहेत. काढल्या तर आवाज होईल.

संकल्प: माफी. नीट शब्दांत. मसुदा करतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार
मसुदा तिसरा. दीड पान. 'माझ्यासारख्या माणसाकडून' हे शब्द काढले.

नवी योजना. शनिवारी श्रावण संपतो, तिसावा अध्याय. विनयाला न सांगता भुईगावला जायचं. तिचा सातचा फोन येण्याआधी आईसमोर बसून बाबांच्या पोथीतून शेवटचा अध्याय मी वाचायचा. समाप्ती झाली की तिथून विनयाला फोन लावून सर्वांदेखत माफी. आईचे डोळे भरून येतील. विनयाचे पण. तीन दिवस मिठाच्या गुळण्या.

२३ ऑगस्ट, शनिवार
संध्याकाळी पावणेसहाला बँकेत जातो म्हणून निघालो. चौथा शनिवार. विनया म्हणाली, बरं, छत्री न्या.

साडेसहाला पोचलो. आईने पाट मांडला होता, समई लावली होती. फडक्यातली पोथी तिच्या हातात दिली. तिने ती चाचपली आणि बराच वेळ कपाळाला लावून धरली. बाइंडिंगचं विचारलं नाही.

मी वाचायला सुरुवात केली. दहा ओव्या झाल्या असतील. आई प्रेमानेच म्हणाली, जया, बातम्या का रे सांगतोस? पडवीत रामनाथ खोकला. खोकला नव्हता तो. मी रेडिओ सोडला आणि साध्या आवाजात पुन्हा सुरू केलं. पातळ, नाकातला, जो आहे तो. जरा बरं चाललं होतं. आई हुं म्हणायला लागली होती. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात तिने हात वर केला. थांब जरा, सात वाजले. विनयाचा फोन येल.

आलाच. मी उचलून स्पीकरवर टाकला आणि आईपुढे धरला. विनया म्हणाली, आई, बसलात ना? आज हे घरात नाहीत, आज मोठ्याने वाचते.

मी बोलायला तोंड उघडलं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. मी मिटलं.

विनया वाचत गेली. मध्ये कुकरची शिट्टी झाली, तीन वेळा. ती थांबली नाही. बत्तीस वर्षांत तिला एवढ्या मोकळ्या आवाजात मी ऐकलेलं नाही. खिशात दीड पान होतं. अध्याय संपला, रामनाथने नारळ फोडला, आणि आईने माझ्या गुडघ्यावरचा हात न काढता फोनमध्ये विचारलं, जया बरा हाय ना? विनया म्हणाली, बरे आहेत आई. खूप मेहनत घेतायत तुमच्यासाठी. त्यांना काही बोलू नका हं.

फोन माझ्याच हातात होता. तो बंद करून समईपाशी ठेवला, दीड पान खिशातच राहिलं.

निघताना आईने खोबरं हातावर ठेवलं आणि म्हणाली, पुडच्या श्रावनात रोज येत जा. एवडा वेळ फोन धरून रामनाथचा हात दुखतो.

येतो म्हणालो.