भुशीच्या सुनेने उलटा वाचलेला कौल

आत्याबाई, तुमची सून लिहायला शिकली. पन्नाशीला टेकल्यावर नातीच्या पाटीवर बाराखडी गिरवली, तेव्हा नात खो खो हसली आणि तुमचा लेक कौतुकानं बघत राहिला. लोणावळ्यात राहून माझं बोलणंही बदललं आहे. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असतात, "लय शानी झाली गं भुशीची!" माझ्या माहेरचं नाव तुम्ही नेहमी असंच घेत होतात, जणू भुशीत सगळी खुळीच माणसं राहतात.

त्या दिवसांत टाकव्याच्या घरात आपण दोघीच. तुमचा एकुलता एक लेक पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर पार बसऱ्याकडे गेलेला. पहिली दीड वर्षं पत्रं येत होती, शाळेतले मास्तर वाचून दाखवत. मग एका दिवाळीनंतर पत्रच आलं नाही. बाजारच्या दिवशी वडगावहून पोस्टमन यायचा आणि आपल्या दारावरून मान खाली घालून पुढे जायचा. मला त्याचा राग येई, गरीब माणसाचा काय दोष होता त्यात! मी खाचराच्या बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघत राहायचे आणि तुम्ही खालून ओरडायचात, "तितं काय बघतीस? हितं रोपं वाळायला लागली!" तुमच्या आवाजाला मी घाबरत होते, पण तो आवाज आला नाही तर दिवस सुरूच होत नसे.

गावातल्या बाया तुम्हाला म्हणायच्या, देवीला कौल लावा, पोरगा हाय का न्हाई ते तरी कळंल. तुम्ही ऐकून घेत नव्हतात. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी वेशीवरच्या देवीच्या दिशेनं हात जोडायचे, "तुजं तू बघ बाई," एवढंच म्हणायचं आणि कामाला लागायचं. मला तेव्हा तुमची चीड यायची. पोटचा पोर, आणि बाई विचारतसुद्धा नाही! एकदा मी बोलूनही गेले. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "तिच्यावर टाकलंय न्हवं? मग सारकं सारकं झाकन उगडून काय बघायचं?"

मला ते जमेना. श्रावणात एका भर दुपारी, तुम्ही खाचरात असताना, मी एकटीच देवळात गेले. गुरव जेवायला गेला होता. माहेरी आजीनं लावलेला कौल मी पाहिला होता, त्यात काय मोठंसं, असं वाटलं. तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या आणि समोर बसले. उजवी पडली तर ते जिवंत, डावी पडली तर नाही. हात मी मांडीखाली दाबून धरले. किती वेळ गेला कोण जाणे, आणि माझ्या डाव्या हाताकडची कळी टपकन पडली.

ते मी कुणालाही सांगितलं नाही. पाच महिने तुमच्या शेजारी बसून जेवले, भात कापला, झोडला, आणि मनात मी विधवा होते. तुमच्याकडे बघितलं की वाटायचं, या बाईला काहीच ठाऊक नाही. संक्रांतीला ववसा घ्यायला गावच्या सवाष्णी देवळात जमल्या, तुम्ही माझी सुगडंही भरून ठेवली होतीत, पण मी उठेना. अंगात कसर आहे, असं सांगितलं. तुम्ही कपाळाला हात लावून पाहिलात आणि सरळ विचारलंत, "काय केलंस?" मग मी सगळं ओकले. तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

तुम्ही मला उठवून बसवलंत. मग म्हणालात, "डावी म्हंजी कुनाची डावी?"

"माझी."

"आगं भुशीचे! हितं देवीचा हात धरत्यात. तुजी डावी ती तिची उजवी. ती व्हय म्हनली आन् तू पाच म्हैनं रडलीस व्हय गं?" आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसायला लागलात. दोन वर्षांत तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. मग एकदम गंभीर झालात. "हे बग, त्या व्हयवर बी नाचू नगंस. कळी हाय ती, वाऱ्यानं बी पडती. ती आनंल तर आनंल. न्हाई आनलं तरी आपुन तिचीच." ववशाला मात्र मला ओढत नेलंत.

त्यानंतरचे महिने मी सुखात काढले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पत्र नव्हतंच, पण तुम्ही "तुजं तू बघ" म्हणालात की मी मागे उभी राहून हात जोडत असे. मला वाटायचं, जमलं मला. मग आश्विनात तापाची साथ आली आणि तुम्ही तीन दिवसांत गेलात.

तुमचा लेक आला, आत्याबाई. फाल्गुनात. तुर्कांच्या कैदेत होता, हाडांचा सापळा होऊन आला. दारात उभा राहून त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "आई कुटं हाय?" चुलीपुढच्या तुमच्या रिकाम्या जागेकडे मी बघितलं आणि तो समजला, तिथंच उंबऱ्यावर बसला. गाव लोटलं. सगळे म्हणाले, सून असावी तर अशी, सासू गेली तरी हिचा विश्वास ढळला नाही. आजही कुणाचा माणूस लढाईवर असला की ती बाई माझ्याकडे येते, पाया पडते, विचारते, तुम्ही कशी हो वाट पाहिलीत? मी तुमचंच बोलणं तिला सांगते.

पण त्या दिवशी आतल्या खोलीत माझं गाठोडं बांधून तयार होतं. दुसऱ्या दिवशी वडील मला न्यायला येणार होते. मळवलीच्या एका बिजवराशी पाट लावायचं ठरलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तुमच्या मागे मला साडेचार महिनेसुद्धा निघाले नाहीत. तुमचा भरवसा देवीवर होता, माझा तुमच्यावर होता. तुमचा लेक बाहेर पाय धूत होता तेव्हा मी आत गाठ सोडत होते. ती सुटेना, म्हणून दातांनी सोडली. वडिलांना मी वेशीवरूनच परत पाठवलं. त्यांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. आता ते बाहेर ओटीवर बसलेत, विचारतायत, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, बाराखडी.