पेडलखालचं लिंबू

नाशिक,
दसऱ्यानंतरचा रविवार, २००५

ति. हिरामणमामांस तृप्तीचा नमस्कार.

मामींचा गुडघा आणि तुमची जीप, दोन्ही चालू असतील असं धरून लिहिते. इकडे सगळं ठीक (एक गोष्ट सोडून, तीच लिहायची आहे).

गणपतीत मी जीप मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी घरात बसून स्टिअरिंग धरायला शीक. तुम्ही चेष्टा केलीत, तुमच्या भाच्याने, आमच्या रोहितने, ती खरी धरली. कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमचं स्टिअरिंग आणून त्याने जेवणाच्या टेबलाला आवळलं आणि पेडल खाली ठेवलं. मी निमूट शिकले, कारण बाहेरगावची मशीन दुरुस्त करायला कंपनी गाडी चालवणाऱ्यालाच पाठवते, आणि लायसन्स असलं तरी घाट चालवल्याशिवाय साहेब मला पाठवणार नाहीत. सुरुवातीला प्रत्येक वळणावर गाडी कठड्यात घातली (किती वळवायचं यापेक्षा सरळ कधी करायचं हे अवघड असतं). मग जमलं.

दसऱ्याला आईने मोटरसायकलबरोबर या स्टिअरिंगचीही पूजा केली. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात. याला चाकं नाहीत, म्हणून तिने ते पेडलखाली ठेवलं आणि मला पाय द्यायला सांगितलं. मी दिला. तेव्हापासून पाय न लावताच पडद्यावरची गाडी चालू लागली. पेडल उघडलं तर आत रस आणि बिया. स्पिरिटने पुसलं, गाडी थांबली. इथवर समजण्यासारखं आहे.

पुढचं नाही. गेममधल्या डोंगररस्त्यावर एक उजवं वळण आहे. तिथे स्टिअरिंग माझ्या हातात हळूच डावीकडे जातं, क्षणभर थांबतं आणि परत येतं. बाकी कुठेच नाही. आत रस्त्याचे धक्के हाताला देणारी मोटर असते, ती बंद केली. तरी गेलं. रोहित म्हणाला, तुझे हातच वाकडे. त्याला बसवलं. त्याच्याही हातात गेलं. आता तो फक्त क्रिकेटचा गेम खेळतो.

आई मेथी निवडत होती. तिने एकदा पडद्याकडे, एकदा स्टिअरिंगकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिरामणचा हात हाय हा. म्हसोबाच्या वळणाला तो असाच गाडी डावीकडं घेतो, पाया पडतो, मग निघतो." आणि पुन्हा मेथी. तिला त्यात विशेष काहीच वाटलं नाही, याची मला जास्त भीती वाटली.

मी लहानपणापासून तुमच्या शेजारी बसते, तेव्हा माझ्या हातांना सवय लागली असेल, अशी मी समजूत घातली. पण रोहित तुमच्या जीपमध्ये कायम मागे बसून झोपतो.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
तृप्ती

ता.क. पत्राचं खरं कारण: येत्या रविवारी त्र्यंबकहून हरसूलपर्यंत जीप मला चालवू द्या. मग साहेबांना मी घाट चालवला म्हणून सांगू शकेन.

ता.क. आई सोबत येणार आहे. लिंबू आणू नको, हे तिला तुम्हीच सांगा.

ता.क. मोटर बंद केली असं वर लिहिलं आहे. खरं तर मी तिची वायरच काढून कपाटात ठेवली आहे. तेव्हा रविवारी शेजारी जरूर बसा, पण म्हसोबाच्या वळणावर दोन्ही हात मांडीवर ठेवा. गाडी कोण वळवतं ते मला नक्की कळलं पाहिजे.