रोजची वीस मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी लेखक आहे.

शाळेत पालकसभा होती. शाळेच्या पाक्षिक बातमीपत्रात 'मुलांचा घरचा अभ्यास' यावर कोण लिहील, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी विचारलं. सगळ्या पालकांना एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या आठवल्या. मी हात वर केला. ही अर्धी रजा काढून शेजारी बसली होती. तिचं म्हणणं, मी पंखा बंद आहे हे दाखवत होतो. असेल. पण हात वर होता आणि मी तो खाली घेतला नाही, हे महत्त्वाचं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असंही ही म्हणाली.

सभेनंतर बबडीच्या वर्गाच्या बाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. बबडी माझी एकुलती एक लेक, दुसरीत आहे. डोकं चांगलं आहे, पण वाचताना फार अडखळते म्हणाल्या. घरी कोणीतरी रोज वीस मिनिटं शेजारी बसून वाचून घ्यायला हवं. डिसेंबरमध्ये परीक्षा घेणार. जमलं नाही तर वाचनाच्या तासाला तिला पहिलीच्या मुलांत बसवावं लागेल. एक वाचनवही दिली. रकाने चार: तारीख, पुस्तक, मिनिटं, पालकांची सही.

हिची औषधाच्या दुकानात दुपारपासून साडेनऊपर्यंत पाळी. गुरुवारी सुटी. तेव्हा गुरुवार हिचा, बाकी संध्याकाळी माझ्या. वीस मिनिटं म्हणजे काय हो, माझ्या दाढीला लागतात. उद्यापासून सुरू.

४ नोव्हेंबर. रात्री ८.४०
आज जमलं नाही. सदराला नाव हवं होतं. सात ते साडेआठ विचार केला. 'घर हीच शाळा' हे पक्कं केलं.

मध्ये बबडी पुस्तक घेऊन दारात उभी होती. तिला म्हटलं, तोवर चित्रं बघ. चित्रवाचन हाही वाचनाचाच प्रकार आहे. हे लेखात घ्यायचं.

६ नोव्हेंबर
गुरुवार. हिचा दिवस. ही बबडीला 'हत्तीचा बूट' वाचून दाखवत होती. चौथ्यांदा. मी आतून ओरडून सांगितलं की मुलांना वैविध्य हवं. ही म्हणाली, या मग बाहेर. लेख अर्धा झाला होता. कसा येणार?

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११
वाचनवही उघडली. एक ते नऊ तारखेचे रकाने कोरे. वाईट दिसतं. शिवाय रोज वही शोधा, पेन शोधा, यात किती वेळ जातो! नियोजन नसेल तर माणसाची प्रगती होत नाही. म्हणून बसलो आणि सगळ्या महिन्याच्या सह्या एका बैठकीत उरकल्या. पान खालपर्यंत भरलं. सगळीकडे वीस लिहिलं तर संशय येईल म्हणून मधूनमधून पंचवीस टाकले. एका शनिवारी पस्तीस. दोनदा पेन बदललं.

आता डोक्याला ताप नाही. राहिलं फक्त वाचायचं.

११ नोव्हेंबर
ऑफिसात दिवसभर फोन. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींवर बसतो. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन माझ्याकडे. मी म्हणतो, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस तेव्हा समोर बसून चहा पीत असतो. पण वाक्याने धीर येतो. शब्दांचं सामर्थ्य मला असं रोजच्या कामातून कळलेलं आहे. दातांच्या डॉक्टरांना ते कुठून कळणार? (हे डॉक्टर बबडीच्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील. त्या सभेत हेही नाडी बांधत होते.)

बबडी उद्यापासून चार दिवस मावशीकडे. मावशीच्या मुलाचा वाढदिवस, म्हणून शाळेत बबडीची रजा टाकली. म्हणजे वाचन आपोआपच पुढे गेलं. यात माझा काही दोष नाही.

१४ नोव्हेंबर
लेख छापून आला! पहिल्या पानावर, हरवलेल्या डब्यांच्या यादीखाली. शेवटचं वाक्य: 'मुलाला वस्तू देऊ नका, वेळ द्या.' मीच तीनदा वाचलं.

अंक घ्यायला गेलो तेव्हा शाळेच्या फाटकापाशी डॉक्टर भेटले. वाचलंत का, असं विचारलं. म्हणाले, छान झालाय. कुठला भाग आवडला, असं विचारलं. म्हणाले, सगळाच. माणूस समजूतदार आहे.

१८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.३०
आनंदाची बातमी. बबडी वाचते!

आज ती स्वतःहून 'हत्तीचा बूट' घेऊन आली. मी दुसऱ्या लेखाची टिपणं काढत होतो, तरी कान तिकडे दिला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत न अडखळता. हत्तीचा आवाज जाड, उंदराचा बारीक. निम्मं तर तिने खिडकीबाहेर बघत वाचलं. नजर इतकी तयार झालीय की पानाकडे बघावंही लागत नाही. फक्त पान उलटायला जरा विसरते.

महिनाभराच्या परिश्रमांचं फळ. वर्गाच्या बाईंनी उगाच घाबरवलं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दुसरा लेख दिला. झणझणीत झालाय. विषय: नुसत्या सह्या करून मोकळे होणारे पालक. असे पालक समाजात आहेत हे मला जाणवत होतं. लिहिलंय की ही मुलांची फसवणूक आहे. लिहिलंय की शिक्षकांनी वाचनवह्या बारकाईने तपासाव्यात. शेवटी सूचना केलीय की अशा पालकांना शनिवारी शाळेत बोलवावं, मुलाशेजारी बाकावर बसवावं आणि सगळ्यांदेखत वाचून घ्यावं. पालकांचीही शाळा भरली पाहिजे!

लिहिताना मी मी राहिलो नव्हतो.

२५ नोव्हेंबर. सकाळी ८
मोठ्या बाईंचा फोन. लेख फार आवडला. सूचनाही आवडली. सहा डिसेंबरला, शनिवारी, पालकांची पहिली शाळा भरणार. तुम्ही आलंच पाहिजे म्हणाल्या, बबडीला घेऊन. मी म्हटलं, अर्थात. उद्घाटनाला लेखक नको का?

हिला सांगितलं. हिने 'लोका सांगे' एवढंच म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेली. पुरी म्हण ऐकवली असती तर मी उत्तर दिलं असतं.

भाषण लिहायला घेतलं. दहा मिनिटांचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
संकट. वह्या एक तारखेला जमा करायच्या आहेत. मी वही सहज चाळली.

पहिलं: बारा ते पंधरा बबडी मावशीकडे होती. चारही दिवस माझ्या सह्या. पस्तीस मिनिटांचा शनिवार नेमका त्यांतलाच, पंधरा तारखेचा.

दुसरं: पानावर एकतीस ओळी छापलेल्या आहेत. मी एकतीसही भरल्या. नोव्हेंबरला तीसच दिवस असतात.

मुलांना महिन्यांचे दिवस बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवा, असं मीच पहिल्या लेखात लिहिलंय.

खोडायला गेलो तर कागद फाटायला लागला. शेवटी बबडीच्या डबीतून चांदणीचं स्टिकर घेऊन त्या ओळीवर चिकटवलं. बबडीने विचारलं, चांदणी कशाची मिळाली? म्हटलं, चांगल्या कामाची. खूश झाली. मला मात्र कसंतरीच झालं.

१ डिसेंबर
वही गेली.

ऑफिसात एका बाईंचा फोन. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या. म्हटलं, घाबरू नका, माणूस निघालाय. त्या म्हणाल्या, हे तुम्ही चौथ्यांदा सांगताय. मग म्हणाल्या, तुम्ही कधी असे अडकलायत का? मी नेहमी फोन ठेवतो, आज ठेवला नाही. बराच वेळ धरून बसलो.

नीट विचार केला. वर्गाच्या बाईंना खरं सांगितलं तर सदर जाईल. हिला सांगितलं तर… ते न लिहिलेलंच बरं. कोणालाच नाही सांगितलं तर शनिवार आहेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाहेर पडायला एकच दार आहे, ते म्हणजे बबडीने शनिवारी धडाधड वाचणं. आणि ती वाचते. मी स्वतः ऐकलंय.

३ डिसेंबर. रात्री ८
खात्रीसाठी आज दुसरं पुस्तक काढलं. पहिल्यांदाच शेजारी बसलो. बबडीने पुस्तक बघितलं आणि पोटात दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, एक ओळ. ती म्हणाली, हत्तीचं आणते. मी म्हटलं, हेच. ती म्हणाली, ह्यातलं आईने अजून वाचलं नाहीये.

मी ओरडलो. ती रडली. मग पोटात खरंच दुखायला लागलं.

मुलांवर वाचनाची सक्ती करू नये. लिहिलंय मी तसं. उद्या बघू.

४ डिसेंबर
भाषण पूर्ण झालं. बारा मिनिटं होतंय. थोडं कापावं लागेल.

५ डिसेंबर
शर्टाला इस्त्री.

६ डिसेंबर, शनिवार. दुपारी २
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

वर्गात टेबल नव्हतं, माईक नव्हता. पाच बाक मांडलेले, प्रत्येकावर एक मूल, शेजारी एक मोकळी जागा. मी फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. वर्गाच्या बाई म्हणाल्या, बसून घ्या. हजेरीचा कागद फिरला. त्यावर चौथं नाव माझं होतं. मला वक्ता म्हणून नाही, पालक म्हणून बोलावलं होतं.

बाक इतका बुटका की गुडघे छातीला लागले. भाषण खिशात टोचत होतं. पलीकडच्या बाकावर दातांचे डॉक्टर होते. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

बाईंनी माझी वही उघडली. चांदणी नखाने सोलली. एकतीस नोव्हेंबर कसा काय, असं हळूच विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, जादा अभ्यास. डॉक्टरांना ठसका लागला.

मग बाईंनी बबडीपुढे एक कागद ठेवला. नवाच, नदीतल्या होडीबद्दलचा. बबडीने तो दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने सुरुवात केली: एक होता हत्ती. आवाज जाड, आवाज बारीक, सगळं जसंच्या तसं. शेवटपर्यंत. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्याच वाजल्या तेव्हा लक्षात आलं, की कागदावर हत्ती कुठेच नव्हता.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे गं? शब्द होता 'पाणी'. बबडीने बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळ्यांदेखत मी तिला सांगू शकत नव्हतो. सांगून उपयोगही नव्हता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि बाकासकट मला पोटात घ्यावं. महिनाभर ती पुस्तक घेऊन दारात येत होती आणि मी तिला चित्रं बघायला सांगत होतो.

सोमवारपासून वाचनाच्या तासाला ती पहिलीत बसेल. माझ्यामुळे.

निघताना मोठ्या बाईंना म्हटलं, सदर सोडतो. त्या म्हणाल्या, छे छे, दुसरं कोणी मिळत नाही. आणि मनाला लावून घेऊ नका, तसंही वाचतं कोण? पुढचा लेख अठरापर्यंत द्या.

७ डिसेंबर
हिला सगळं सांगितलं. ओरडली नाही. बबडीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, मी गुरुवार एक दिवस बसते तर हत्ती तिला पाठ झाला. तुमचे सहा दिवस कुठे गेले?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

उद्यापासून. खरंच.

८ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.४५
आज बसलो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, टिपणांची वही कपाटात.

बबडी म्हणाली, पहिलीतली मुलं तिला ताई म्हणतात. हे सांगताना हसली नाही. तिच्या मैत्रिणीने खिडकीतून हात केला, बबडीने बघितलं नाही म्हणे.

होडीचाच कागद घेतला. 'नदीला' हा शब्द लागला. 'खूप' लागला. 'पाणी' आला तेव्हा तिने बोट ठेवलं आणि थांबली. मी सांगायला तोंड उघडलं. तिने दुसऱ्या हाताने माझं तोंड दाबलं. थांबलो. ओठ हलत होते तिचे. मग म्हणाली, पाणी! पुढे अर्धी ओळ रेटली आणि दमली. कपाळावर घाम होता. घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती. वीस मिनिटं म्हणजे इतकी लांब असतात, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

वाचनवहीचं नवं पान काढलं. तिच्याच पेन्सिलीने लिहिलं. तारीख: ८ डिसेंबर. पुस्तक: होडी. मिनिटं: ४. खरं लिहिलं. बरं वाटलं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं.

बबडी वाकून बघत होती. आकडे तिला वाचता येतात. म्हणाली, बाबा, चुकलं तुमचं. मी म्हटलं, नाही गं, चारच झाली ना? ती म्हणाली, झाली चारच. पण इथे वीस लिहायचं असतं. मी म्हटलं, झालं तेवढंच लिहावं. ती घाबरली. म्हणाली, मागच्या पानावर तुम्ही वीस लिहिलंय, खोटं लिहू नका हं, बाई रागावतील.

मग तिने डबीतून खोडरबर काढलं. माझा चार नीट खोडला, कचरा फुंकला, आणि त्या जागी सुरेख अक्षरात वीस लिहिले. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आता सही करा.

मी सही केली.